नखाएवढ्या चिपचे धनी

१९ मार्च २०२१. पहाटे पावणेतीनच्या सुमाराला जपानमधल्या हिताचिनाका शहरात एका कारखान्याला आग लागली. टोकियोच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतातला हा रेनेसास इलेक्ट्रॉनिक्सचा नाका कारखाना. तिथल्या एन-३ इमारतीतल्या एका प्लेटिंग यंत्रात विजेचा प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला आणि यंत्राचं आवरण पेटलं. सकाळी आठनंतर आग विझली. १२,००० चौरस मीटरच्या क्लीनरूमपैकी सुमारे ६०० चौरस मीटर जागा जळाली, म्हणजे पाच टक्के. जीवितहानी झाली नाही. आपल्याकडच्या एखाद्या एमआयडीसीत एवढी आग लागली असती, तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या.

नाकाच्या आगीनं मात्र जगभरातल्या मोटार कंपन्यांची झोप उडवली. सोमवारी बाजार उघडला आणि टोयोटा, होंडा, निस्सान यांचे शेअर घसरले. जळालेली यंत्रं लवकर बदलून मिळावीत म्हणून जपान सरकार मध्ये पडलं. त्या इमारतीत ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन वेफरवर मायक्रोकंट्रोलर बनत होते आणि तिथल्या मालापैकी सुमारे दोन तृतीयांश माल मोटारींच्या वाट्याचा होता. मोटारीला चिप आधीच मिळत नव्हत्या. त्यात हे.

लाखो रुपयांची गाडी शे-दोनशे रुपयांच्या चिपसाठी कारखान्याच्या आवारात अडून राहते, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. ही चिप बनवणारे कोण, ते इतके थोडे का, आणि त्यांच्याशिवाय आपलं इतकं का अडतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

मायक्रोकंट्रोलर काय करतो हे पाहायला दुचाकीसारखं दुसरं साधन नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सिक्सचे निकष लागू झाले आणि आपल्या बाइक-स्कूटरमधला कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आला आणि इंजेक्टरला हुकूम देणारा ईसीयू आला. सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत तळहाताएवढी डबी असते, तिला एका बाजूला पिनांच्या ओळींचा कनेक्टर असतो. डबी उघडली की हिरवा बोर्ड दिसतो, त्यावर पाणी-धूळ लागू नये म्हणून पारदर्शक लेप दिलेला असतो. बोर्डावरचा सगळ्यात मोठा काळा चौकोन म्हणजे मायक्रोकंट्रोलर. चारही कडांना बारीक पाय, दोन पायांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. पाठीवर छापलेलं नाव इतकं फिकट की उजेडाकडे तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नाही.

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो आणि क्रँक एक अंश फिरायला साधारण २८ मायक्रोसेकंद लागतात. क्रँकवरच्या दातेरी चाकाकडून येणारे ठोके ही चिप मोजते. हवेचा दाब, इंजिनचं तापमान, थ्रॉटल किती उघडलाय, सायलेन्सरमधल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं वाचते. मग इंजेक्टर नेमका कधी उघडायचा, किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि ठिणगी कुठल्या अंशाला द्यायची, हे ठरवते. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तेच. वाहन चालू आहे तोवर, ऊन असो, पाऊस असो, रस्ता खड्ड्यांचा असो, यात एकदाही चुकून चालत नाही.

संगणकाच्या प्रोसेसरला काम करायला बाहेर स्वतंत्र मेमरी लागते, इतर चिप लागतात. मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोसेसर, मेमरी, घड्याळ, सेन्सरचे संकेत आकड्यांत बदलणारा भाग, बाहेरच्या यंत्रांशी बोलायच्या वाटा हे सगळं एकाच सिलिकॉनवर असतं. आणि प्रोग्रॅमही त्याच्याच पोटात कायमचा असतो. वॉशिंग मशीन, मिक्सर, इंडक्शन शेगडी, लिफ्ट, विजेचं मीटर, रक्तातली साखर मोजायचं यंत्र, टीव्हीचा रिमोट, सगळीकडे तो आहे. जगात वर्षाला पंचवीस अब्जांहून जास्त मायक्रोकंट्रोलर विकले जातात. सरासरी किंमत एका डॉलरच्या आत.

आता हे विकणारे किती? २०२१ साली पाच कंपन्यांकडे मिळून जागतिक विक्रीचा सुमारे ८२ टक्के हिस्सा होता. नेदरलँड्सची एनएक्सपी, अमेरिकेची मायक्रोचिप, जपानची रेनेसास, फ्रान्स-इटलीची एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि जर्मनीची इन्फिनिऑन. पहिल्या चौघींमध्ये जेमतेम दोन टक्क्यांचं अंतर होतं. पाचवी इन्फिनिऑन तेव्हा बरीच मागे होती. तिनं तीन वर्षांत सगळ्यांना मागे टाकलं आणि ओम्डिया या बाजार-अभ्यास संस्थेच्या हिशोबात २०२४ मध्ये २१.३ टक्क्यांसह पहिला नंबर घेतला. सहावं नाव टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं घ्यावं लागेल, आणि ते मानानं पहिलं घ्यावं लागेल, कारण सुरुवात तिथून झाली.

टेक्सासच्या गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी १९७१ मध्ये कॅल्क्युलेटरचं सगळं काम एका चिपवर बसवलं. त्यातूनच १९७४ मध्ये टीएमएस-१००० बाजारात आली. एका वेळी चार बिट हाताळणारी, प्रोग्रॅमसाठी एक किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी अवघ्या २५६ बिटांची मेमरी असलेली चिप. आज एका मराठी मेसेजला याहून जास्त जागा लागते. तेवढ्यावर तिनं कॅल्क्युलेटर चालवले, खेळणी चालवली.

इंटेलची ८०४८ चिप १९७६ ची. आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या कीबोर्डमध्ये तीच बसली होती. १९८० मध्ये आली ८०५१. महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा डिग्री केलेल्या कुणालाही 'एट्टी फिफ्टी-वन' म्हणून पाहा, चेहऱ्यावर ओळख दिसेल. चाळीस पाय, चार पोर्ट, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की एक मशीन सायकल बरोबर एक मायक्रोसेकंदाची. मझिदींचं जाडजूड पुस्तक, ब्रेडबोर्ड, आणि चिप आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर. ८०५१ च्या कुटुंबातल्या ८७५१ चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असे. प्रोग्रॅम पुसायचा तर ती अतिनील दिव्याखाली ठेवायची आणि नवा प्रोग्रॅम लिहून झाला की खिडकीवर कागदी स्टिकर चिकटवायचा. पुढे ॲटमेल कंपनीनं त्याच रचनेत फ्लॅश मेमरी घातली, विजेनं क्षणात पुसली जाणारी ८९सी५१ आली आणि दिव्याची गरज संपली. चुकलं तर पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. आपल्याकडच्या दोन पिढ्या या एका चिपवर शिकल्या.

इंटेलनं ८०५१ ची रचना सीमेन्स, फिलिप्स अशा अनेकांना वापरू दिली, म्हणून ती जगभर पसरली. खुद्द इंटेल २००७ मध्ये या मालिकेच्या उत्पादनातून बाहेर पडली. पीसीचे प्रोसेसर शेकडो डॉलरना विकणाऱ्या कंपनीला एका डॉलरच्या चिपमध्ये राम वाटला नाही. माझ्या मते या उद्योगाचा स्वभाव तिथेच कळतो. इथे नफा थेंबाथेंबानं साठतो आणि तोही बरीच वर्षं टिकून राहणाऱ्यालाच मिळतो.

मोटारीत ही चिप कायद्यामुळे आली. अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कायदा झाला आणि धुराचे निकष कडक होत गेले. नुसत्या स्प्रिंगा आणि जेटनी ते पाळता येईनात. मग जनरल मोटर्स मोटोरोलाकडे गेली, फोर्ड आधी तोशिबाकडे आणि नंतर इंटेलकडे गेली. १९८१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या अमेरिकी गाड्यांमध्ये इंजिनावर लक्ष ठेवणारा संगणक आला. चाळीस वर्षांनी तीच गोष्ट आपल्या दुचाकींच्या बाबतीत घडली. मोटोरोलाचा हा वारसा आज एनएक्सपीकडे आहे. मोटोरोलानं चिपचा विभाग २००४ मध्ये फ्रीस्केल नावानं वेगळा काढला. फिलिप्सनं आपला २००६ मध्ये एनएक्सपी म्हणून वेगळा केला. २०१५ मध्ये एनएक्सपीनं फ्रीस्केल घेतली.

बाकीच्यांच्या वंशावळीही अशाच विलीनीकरणांच्या आहेत. १९८७ मध्ये इटलीची एसजीएस आणि फ्रान्सच्या थॉमसनचा चिप विभाग मिळून एसटी झाली. सीमेन्समधून १९९९ मध्ये इन्फिनिऑन निघाली, तिनं २०२० मध्ये अमेरिकेची सायप्रस सुमारे नऊ अब्ज युरोंना घेतली. हिताची आणि मित्सुबिशीचे चिप विभाग २००३ मध्ये एकत्र आले, त्यांत २०१० मध्ये एनईसीचा मिळाला आणि आजची रेनेसास तयार झाली. एकेकाळी ज्या तीन जपानी घराण्यांचे मायक्रोकंट्रोलर एकमेकांशी झुंजत होते, ती आज एका छपराखाली आहेत.

मायक्रोचिपची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीनं सत्तरच्या दशकात आपल्या एका प्रोसेसरच्या मदतीला म्हणून पीआयसी ही लहानशी चिप केली. मुख्य प्रोसेसर विस्मरणात गेला, मदतनीस टिकला. १९८७ मध्ये हा विभाग मायक्रोचिप नावानं वेगळा झाला, पण लवकरच डबघाईला आला. १९९० मध्ये चंदीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजचे पदवीधर स्टीव्ह संघी तिथे आले आणि पुढच्याच वर्षी प्रमुख झाले. त्यांनी ॲरिझोनातल्या त्या कंपनीला एक नियम लावून दिला. ग्राहक मागतोय तोवर कुठलीही चिप बंद करायची नाही. १९९३ ची पीआयसी१६सी८४ ही विजेनं पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप छंदिष्टांच्या हाती पडली आणि कंपनीचं नाव घरोघरच्या वर्कबेंचवर पोचलं.

तिच्या प्रतिस्पर्ध्याचा जन्म नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या तंत्रशाळेत झाला. आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी मांडलेल्या रचनेवर ॲटमेलनं १९९६ मध्ये एव्हीआर ही मालिका काढली. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी एक सोपा बोर्ड बनवला गेला, तो अर्डुइनो, आणि त्याच्या मध्यभागी एव्हीआर बसली. आज आपल्या शाळांमधल्या प्रयोगशाळांत मुलं ज्यावर एलईडी लुकलुकवतात तो हाच बोर्ड. २०१६ मध्ये मायक्रोचिपनं साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून ॲटमेलच विकत घेतली.

आता मूळ प्रश्न. स्पर्धा एवढी असताना, एकाची चिप मिळाली नाही तर दुसऱ्याची लावून गाडी का चालत नाही?

कारण चिप विकत घेताना तिच्याभोवतीचं बरंच काही आपण आपल्याच हातानं उभं केलेलं असतं. ईसीयूचा बोर्ड त्या चिपच्या पायांच्या मांडणीनुसार आखलेला असतो. आतला प्रोग्रॅम तिच्याच टायमरच्या, तिच्याच मेमरीच्या हिशोबानं लिहिलेला असतो. हिंजवडीतल्या केपीआयटीसारख्या कंपन्यांतले इंजिनीअर वर्षानुवर्षं हेच काम करतात, त्यामुळे पुण्याला हे वेगळं सांगायला नको. प्रोग्रॅमनंतर कॅलिब्रेशन. इंजिन बेंचवर चढवून, थंडीत, उन्हात, घाटात गाडी चालवून आकड्यांची हजारो घरं भरली जातात. मग एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र. चिपलाही मोटारीसाठीची एईसी-क्यू१०० ही कसोटी पार करावी लागते. इंजिनाजवळ बसणाऱ्या चिपला उणे ४० पासून १२५ अंश सेल्सिअसपर्यंत बिनचूक चालावं लागतं. चिप बदलायची म्हणजे हा सगळा फेरा पुन्हा करायचा. त्याला महिने नाही, कधी कधी वर्ष-दोन वर्षं लागतात.

म्हणून मोटार कंपनी पहिल्या भेटीतच विचारते की ही चिप पंधरा वर्षं मिळेल का? एसटी आणि एनएक्सपी दहा-पंधरा वर्षांच्या पुरवठ्याची हमी छापून देतात, ती याचसाठी. इथे सगळ्यात नवी चिप करणारा जिंकत नाही. जुनी चिप तशीच्या तशी, त्याच गुणवत्तेची, त्याच पायांची, पंधरा वर्षांनीही देणारा टिकतो. नवख्या कंपनीला दार उघडत नाही ते याच कारणानं. ती उद्या असेल का, हेच ग्राहकाला माहीत नसतं.

मायक्रोकंट्रोलरची कंपनी आपली चिप स्वतः बनवते का, हा आणखी अवघड प्रश्न आहे.

मायक्रोकंट्रोलरच्या पोटातली फ्लॅश मेमरी करायला कठीण असते. तिच्यात माहिती साठवायची म्हणजे इलेक्ट्रॉन एका पातळ थराच्या पलीकडे ढकलून तिथेच वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचे. त्याला जास्त व्होल्टेज लागतं, जादा प्रक्रिया लागतात. बाकीचं सर्किट लहान लहान होत गेलं तरी हा भाग तेवढा लहान होत नाही. २८ नॅनोमीटरच्या खाली गेलं की हिशोब बसेनासा होतो. त्यामुळे फोनचे प्रोसेसर तीन नॅनोमीटरच्या गोष्टी करत असताना मोटारींचे मायक्रोकंट्रोलर बरीच वर्षं ४० नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्रावर राहिले. आता एसटीनं पदार्थाची अवस्था बदलून माहिती साठवणारी मेमरी आणली आहे. इन्फिनिऑननं विद्युतरोध बदलणारी, तर एनएक्सपीनं चुंबकत्वावर चालणारी मेमरी धरली आहे. पुढच्या दहा वर्षांत कोण वर राहील हे मला वाटतं इथेच ठरेल.

पण ही नवी तंत्रं पेलणारे कारखाने उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. त्यामुळे या कंपन्यांनी जुना माल घरी ठेवला आणि नवा माल बराचसा तैवानच्या टीएसएमसीकडे करायला दिला. त्यातली रेनेसासची वाट नीट पाहण्यासारखी आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात नाकाचा हाच कारखाना बंद पडला होता. तेव्हा मोटारींच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये रेनेसासचा वाटा जगात ४० टक्क्यांच्या आसपास होता. मोटार कंपन्यांनी आपली माणसं पाठवली. एकेका दिवशी बाहेरची अडीच हजारांपर्यंत माणसं तिथे राबली आणि १ जूनला वेफर पुन्हा फिरू लागले. या धड्यानंतर, सगळं एका जागी नको म्हणून, २०१२ मध्ये रेनेसासनं ४० नॅनोमीटरच्या मायक्रोकंट्रोलरसाठी टीएसएमसीशी करार केला. इतरांनीही आपापल्या कारणांनी तेच केलं. जोखीम वाटून घ्यायला निघालेले सगळे शेवटी एकाच दारात जमले. २०२१ मध्ये बाजाराचे अभ्यासक सांगत होते की जगातल्या मोटारींच्या मायक्रोकंट्रोलरपैकी सुमारे ७० टक्के टीएसएमसीच्या कारखान्यांतून येतात. आणि टीएसएमसीच्या स्वतःच्या उत्पन्नात मोटारींचा वाटा होता जेमतेम तीन टक्के. मोटारवाल्यांचं सगळं तिच्यावर अवलंबून, तिचं मात्र त्यांच्यावाचून फारसं अडत नव्हतं.

२०२० च्या वसंतात कोविडमुळे गाड्या विकणं थांबलं. मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. रिकाम्या झालेल्या जागा लॅपटॉप, फोन आणि गेमिंगवाल्यांनी भरल्या. काही महिन्यांत गाड्यांची मागणी परतली, पण रांगेतली जागा गेली होती. वेफर कारखान्यात शिरल्यापासून चिप हाती येईपर्यंत तीन-चार महिने जातात, ते कुणाला घाईनं कमी करता येत नाहीत. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या बर्फवृष्टीत ऑस्टिनच्या एनएक्सपी आणि इन्फिनिऑनच्या कारखान्यांची वीज गेली, आणि महिन्याभरात नाकाची आग. त्या वर्षी जगात सुमारे ७७ लाख गाड्या कमी बनतील आणि २१० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल, असा अंदाज ॲलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेनं सप्टेंबरमध्ये दिला.

महाराष्ट्राला याची झळ थेट लागली. महिंद्रनं सप्टेंबर २०२१ मध्ये सातेक दिवस उत्पादन बंद ठेवायचं जाहीर केलं, २० ते २५ टक्के गाड्या कमी बनणार होत्या. चाकणमध्ये बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० साठी लोक वर्षवर्ष थांबले. कंपनीच्या गेटावर पूर्ण दिवस काम नसेल, तर भोसरी-तळेगावच्या लहान शेडमध्ये प्रेसवर उभ्या असलेल्या कंत्राटी माणसाचाही दिवस जातो, हे मोटारींच्या आकडेवारीत कुठे येत नाही. चीनमध्ये दलालांनी दहा युआनच्या आतली चिप चारशे युआनच्या वर विकली. तिथल्या बाजार नियामकानं तीन वितरकांना मिळून २५ लाख युआन दंड केला.

टोयोटा मात्र २०२१ च्या पहिल्या महिन्यांत शांत होती. २०११ नंतर तिनं आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरेल एवढा चिपसाठा ठेवायला लावला होता. 'माल लागेल तेव्हाच आणायचा' ही पद्धत जगाला शिकवणाऱ्या कंपनीनं स्वतः धडा घेऊन ती चिपपुरती मोडली. सप्टेंबरपर्यंत तोही साठा पुरला नाही आणि तिलाही उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं, पण मधले महिने तिनं मिळवले होते. नाकाच्या आगीतून रेनेसास सावरली तेही २०११ च्या अनुभवावर. १७ एप्रिलला उत्पादन सुरू झालं, २४ जूनला ते आगीपूर्वीच्या पातळीवर आलं. शंभर दिवसही लागले नाहीत. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीतल्या आपल्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला आग लागली होती, त्या कारखान्याला पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं लागली आणि तोवर जग पुढे निघून गेलं होतं. ही आठवण आजही या क्षेत्रातल्या जुन्या मंडळींच्या जिव्हारी लागते, आणि लागायलाच हवी.

टंचाईनंतर आला पूर. घाबरलेल्या ग्राहकांनी एकाच गरजेसाठी दोन-तीन ठिकाणी ऑर्डरी दिल्या होत्या. मायक्रोचिपनं तर रद्द न करता येणाऱ्या ऑर्डरी घ्यायची योजना आणली होती. गोदामं भरली, मागणी आटली. मायक्रोचिपची वार्षिक विक्री एका आर्थिक वर्षात ७.६ अब्ज डॉलरवरून ४.४ अब्जांवर आली. प्रमुखपद सोडलेल्या स्टीव्ह संघींना नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुर्चीवर यावं लागलं आणि ॲरिझोनातल्या टेम्पीचा कारखाना बंद करायचा निर्णय झाला.

या पाच धन्यांना खालून धक्के द्यायला चिनी कंपन्या उभ्या आहेत. बीजिंगच्या गिगाडिव्हाइसनं एसटीच्या लोकप्रिय एसटीएम३२ मालिकेच्या पायांशी जुळणाऱ्या चिप काढल्या. टंचाईत अनेकांनी बोर्ड न बदलता त्या लावल्या. नानजिंगच्या डब्ल्यूसीएचची एक ३२-बिट चिप दहा सेंटच्या आत मिळते. तिच्यात रिस्क-फाइव्ह ही खुली रचना असल्यानं केंब्रिजच्या आर्म कंपनीला तिच्या रचनेसाठी रॉयल्टी द्यावी लागत नाही. शांघायच्या एस्प्रेसिफनं वायफाय आणि मायक्रोकंट्रोलर एकत्र करून २०२३ पर्यंत एक अब्जाहून जास्त चिप विकल्या. स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट प्लग यांतून त्या आपल्या घरात आल्याही आहेत. या एस्प्रेसिफचं एक मोठं सॉफ्टवेअर केंद्र पुण्यात आहे. शांघायची चिप, तैवानचा कारखाना आणि पुण्यातल्या मुलांनी लिहिलेली प्रणाली.

खरं तर पाचही मोठ्या कंपन्यांचं बरंच डिझाइन भारतात होतं. टेक्सासनं १९८५ मध्ये बेंगळुरूत केंद्र काढलं तेव्हापासून ही परंपरा आहे. नोएडात एसटी आणि एनएक्सपी, बेंगळुरूत इन्फिनिऑन आणि मायक्रोचिप. म्हणजे चिप आखणारे हात आपले, तिच्यावर प्रोग्रॅम लिहिणारे हात आपले, ती बसते ती गाडीही आपली. नाव आणि कारखाना तेवढा आपला नाही.

ते बदलायच्या हालचाली सुरू आहेत. मुंबईत मुख्यालय असलेली सीजी पॉवर, म्हणजे आपली जुनी क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज, रेनेसासच्या भागीदारीत गुजरातेत साणंदला ७,६०० कोटींचा प्रकल्प उभारते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथली पथदर्शी उत्पादन साखळी सुरू झाली. पण तिथे होणार आहे पॅकेजिंग आणि चाचणी, वेफर बनणार नाही. वेफर बनायचे आहेत टाटांच्या धोलेरा प्रकल्पात, तैवानच्या पीएसएमसीच्या तंत्रावर, ९१,००० कोटी खर्चून. डिझाइनच्या बाजूनं, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं वेगा ही रिस्क-फाइव्ह प्रोसेसर मालिका केली आहे आणि तिच्यावरचे एरीज बोर्ड विद्यार्थ्यांच्या हातात आहेत. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरवर चेन्नईच्या माइंडग्रोव्हनं चिप केली आहे.

हे सगळं अभिमानाचं आहे, पण या लेखातल्या प्रत्येक कंपनीचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. मोटोरोलाला जनरल मोटर्स मिळाली, म्हणून ती मोटारींच्या चिपमध्ये मोठी झाली. नाकाच्या ढिगाऱ्यात राबायला टोयोटाची माणसं आली आणि पुढे सरकारबरोबर टोयोटा, निस्सान यांनी रेनेसासमध्ये पैसेही घातले. मायक्रोकंट्रोलरची कंपनी तिच्या बाजूनं पंधरा वर्षं उभा राहणारा ग्राहक घडवतो. अनुदानानं इमारत उभी राहते, ग्राहक उभा राहत नाही.

असा ग्राहक आपल्याकडे आहे. देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं उद्दिष्ट आहे आणि महाराष्ट्रात महावितरण ते बसवते आहे. प्रत्येक मीटरमध्ये किमान एक मायक्रोकंट्रोलर असतो. त्याला इंजिनाची उष्णता सोसायची नाही, ब्रेकसारखा कुणाचा जीव त्याच्यावर नाही. पहिल्या पायरीसाठी याहून सोयीची जागा नाही. मीटरच्या निविदांमध्ये काही वाटा, पाच-दहा टक्क्यांपासून सुरुवात करून, इथे आखलेल्या चिपसाठी दहा वर्षांच्या खरेदी-हमीसह राखून ठेवा. चाकण, आकुर्डी, पिंपरीच्या कंपन्यांनी आपल्या गाडीतलं एक साधं काम, काच वर-खाली करणं किंवा दिवे सांभाळणं, भारतीय चिपला द्यावं, चाचणीसाठी आपली बेंच खुली करावी आणि पहिल्या खेपेला दोष निघाला तर पाठ न फिरवता तो दुरुस्त करून घ्यावा. सी-डॅकचा बोर्ड पुण्यातल्या प्रत्येक पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ८०५१ च्या शेजारी असावा. हे तिन्ही निर्णय महाराष्ट्रात घेता येतात आणि ते घेणारी माणसं यातली बरीच आपल्या वाचकांत आहेत. त्यांनी ते या वर्षी घ्यावेत, एवढीच विनंती.